एकशे सदतीस पेट्यांचे दाखले

आमच्या प्रौढ वर्गाच्या शिक्षिका इंदुमतीबाई यांनी येथील मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी प्रत्येकीला एका माणसाचे चरित्र लिहून आणण्यास सांगितले. अट अशी होती की तो माणूस आपल्या पाहण्यातला असावा आणि त्याने काही मोठे केलेले नसावे. वर्गात आम्ही नऊ जणी आहोत. त्यांपैकी सहा जणींनी आपापल्या सासूबाईंची निवड केली. मी हर्षदाताईंची निवड केली आहे. त्यांची परवानगी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, “लिहा की मावशी, मी कुठे वाचणार आहे!” त्या पुण्याच्या आहेत, परंतु त्यांचे सर्व शिक्षण इंग्रजीतून झाल्यामुळे मराठी जोडाक्षर आले की त्या थांबतात. म्हणून मी मोकळेपणाने लिहीत आहे.

माझे नाव तारामती. हैदराबादेच्या नल्लकुंट्यातील मराठी घरांतून मी चाळीस वर्षे स्वयंपाक करीत आले. हर्षदाताई यांपैकी एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतात. त्यांचे वय एकतीस आहे आणि त्यांचा स्वयंपाक मी करते. घराचे मालक सुधीरराव हे निवृत्त वकील. त्यांनी ताईंना घर देण्यापूर्वी कंपनीचे पत्र, वडिलांच्या ओळखपत्राची प्रत, जुन्या घरमालकाचा अभिप्राय, पोलिसांचा अर्ज आणि हैदराबादेतील दोन सभ्य गृहस्थांची नावे मागितली. ताई शहरात नवीन होत्या, त्यामुळे सभ्य गृहस्थ मिळण्यास तीन आठवडे लागले. अखेरीस एका गृहस्थाच्या जागी माझे नाव चालवून घेण्यात आले, कारण सुधीरराव मला तेवीस वर्षे ओळखतात.

ताईंचे काम दाखले देण्याचे आहे. त्या मिनिटाला चाळीस दाखले देऊ शकतात.

त्या कुकटपल्लीच्या एका कंपनीत नोकरीला आहेत. ही कंपनी औषधे गार ठेवणाऱ्या पेट्या औषधांच्या दुकानांना आणि दवाखान्यांना वापरण्यास देते. प्रत्येक पेटीत एक लहान यंत्र बसवलेले असते. आत किती अंश थंडी आहे हे ते दर पाच मिनिटांनी कंपनीला कळवते. परंतु कंपनीचे यंत्र कोणाचेही बोलणे असेच ऐकून घेत नाही. पेटीने प्रथम आपला दाखला दाखवावा लागतो, की मी अमुक पेटी आहे आणि मला तुमच्याच कार्यालयाने ओळखले आहे. मग कंपनीचे यंत्रही आपला दाखला दाखवते. दोघांची खात्री पटल्यावर पेटी म्हणते, चार अंश. पाच मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून हेच. कालच भेटलो होतो, ही सबब चालत नाही.

या दाखल्यांना ताई सर्टिफिकेट म्हणतात. ते खासगी असतात. म्हणजे कंपनीच्या घरात त्यांना मान आहे, उंबऱ्याबाहेर त्यांना कोणी विचारीत नाही. दाखले देणारे कार्यालय कोठे आहे असे मी एकदा विचारले होते.

“क्लाउडवर,” ताई म्हणाल्या.

“म्हणजे कोठे?”

“दुसऱ्या एका मोठ्या कंपनीच्या मशिन्सवर, मावशी. मुंबईकडे असतील, नाहीतर अजून कुठे. आपल्याला काय करायचंय?”

एका दाखल्यासाठी मी मंडल कार्यालयात, म्हणजे इकडच्या तहसील कचेरीत, अकरा वेळा गेलेली आहे. कार्यालय कोठे आहे याची पर्वा न करता दाखला मिळतो, हे ऐकून मला ताईंच्या पिढीविषयी आदर वाटला.

त्या कार्यालयात दोन अधिकारी असतात. अर्थात तीही यंत्रेच. थोरला अधिकारी कोणत्याही पेटीला स्वतः दाखला देत नाही. तो फक्त धाकट्याला एकदा लिहून देतो की हा माझा माणूस आहे, आणि नंतर कुलुपात बसून राहतो. पेट्यांचे सर्व काम धाकटा करतो. थोरला जितका कमी बाहेर येईल तितके सर्वांच्या हिताचे, असे ताईंनी मला समजावले. प्रतिष्ठित घरांच्या स्वयंपाकघरांत चाळीस वर्षे काढल्यामुळे ही रचना समजण्यास मला वेळ लागला नाही.

ही सर्व कामे ताई हातांनी करीत नाहीत. त्या मोठ्या कंपनीनेच तयार हुकुमांचा एक संच दिलेला आहे. त्याला क्लायंट लायब्ररी असे नाव आहे. दाखला दे, दाखला रद्द कर, सर्व दाखल्यांची यादी दे, असे हुकूम त्यात बांधून ठेवलेले असतात. आपण आपल्या प्रोग्रॅममध्ये हुकूम लिहायचा आणि पेटीचे नाव घालायचे. पलीकडे काय घडते हे पाहावे लागत नाही. ताई म्हणत, “हेच तर सुख आहे.”

प्रत्येक दाखल्याची मुदत नव्वद दिवसांची असते. मुदत संपण्यापूर्वी नवा दाखला न मिळाल्यास पेटीचे बोलणे बंद होते.

मुदत ताईंनाही होती. त्यांची आधीची नोकरी एका मोठ्या कंपनीत होती. तिने एका सकाळी एका पत्राने तीनशे माणसे कमी केली. त्यांत ताई होत्या. त्यानंतर त्यांना कुकटपल्लीची ही नोकरी मिळाली, पण सहा महिन्यांच्या परीक्षेवर. परीक्षा गेल्या नोव्हेंबरच्या तीस तारखेला संपणार होती. काम निर्दोष झाले तर कायम, नाहीतर नमस्कार. ही गोष्ट त्यांनी पुण्यास कळवली नव्हती. आपली मुलगी पहिल्या दिवसापासून कायम आहे, अशी त्यांच्या वडिलांची समजूत होती आणि ती त्यांनी सर्व नातेवाइकांत पोहोचवली होती. फोनवर वडील विचारीत, “काय, कायम वगैरे सगळं व्यवस्थित ना?” ताई म्हणत, “हो बाबा, एकदम.” मग फोन ठेवून त्या बराच वेळ नखे कुरतडीत. एकशे सदतीस यंत्रांची ओळख पटवून देणाऱ्या व्यक्तीला आपल्या घरी आपली खरी ओळख देता येत नव्हती, आणि याचा त्यांना त्रास होत होता, हे मी स्वयंपाकघरातून पाहत असे.

ताईंचा प्रोग्रॅम तयार होईपर्यंत दाखल्यांचे काम माधवराव करीत. माधवराव हे हैदराबादेतील जुन्या मराठी कुटुंबातले. त्यांचे वडील आणि आजोबा सरकारी नोकरीत होते. माधवरावांचे वय सत्तावन्न. ते एका लांब वहीत प्रत्येक पेटीचा क्रमांक, ठिकाण आणि दाखल्याची मुदत लिहीत आणि रोज दोन-तीन पेट्यांचे दाखले हातांनी बदलीत. चौदा वर्षांत त्यांची एकही पेटी बंद पडली नव्हती. परंतु या पद्धतीने वेळ फार जातो, असे कंपनीच्या ध्यानात आले. ताईंचे वरिष्ठ अभिजीत सर यांनी ठरवले की ताईंचा प्रोग्रॅम सुरू झाला की वहीची पद्धत बंद करावी. माधवरावांना एका शुक्रवारी सांगण्यात आले की सोमवारपासून त्यांनी माल पाठवण्याच्या विभागात बसावे, आणि महिनाअखेरीस पुढचे पाहू. पुढचे काय असते हे सत्तावन्न वर्षांच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

याच आठवड्यात ताईंनी क्लाउडवरचे एक कार्यालय मोडीत काढले. ते केवळ सरावासाठी उभारलेले होते. मोडण्याचा हुकूम दिल्यानंतरही ते कार्यालय तीस दिवस राखून ठेवतात आणि तोपर्यंत मन बदलले तर ते परत उभे करता येते, अशी सोय असल्याचे ताईंनी मला कौतुकाने सांगितले. “चुकून कुणी काढलं तर? विचार करायला वेळ नको का मावशी?” मी म्हणाले, “हवा की.” माधवरावांना शुक्रवार ते सोमवार इतका वेळ मिळाला होता. त्यात रविवार धरलेला आहे.

माधवराव शेजारीच बरकतपुऱ्यात राहतात. त्या शनिवारी ते स्वतः वही घेऊन घरी आले. मी चहा दिला.

“ताई, ही घ्या तुमची अमानत,” ते म्हणाले. “एकशे सदतीस पेट्या आहेत. मोजून घ्या.”

“अहो काका, मोजायला कशाला? सिस्टीममध्ये सगळ्या आहेतच. प्रोग्रॅम सरळ तिथूनच लिस्ट घेतो.”

“हौ, घेत असंल. तरी पण एकदा नजर टाकायला काय जातंय? रिमार्क मराठीत लिहिलेत मी. आबिड्सच्या पेटीचा दुकानदार जुम्म्याला दुपारी शटर पाडतो, ते लिहिलंय. मेहदीपट्टणमची पेटी मिजाशी आहे, तेही लिहिलंय.”

“काका, मला तुमचं अक्षर नाही वाचता येणार हो.”

“तुम्ही पुण्याच्या ना?” माधवराव म्हणाले. नंतर ते माझ्याकडे वळले. “मग ह्या वाचून दाखवतील. तारामतीबाई आता वाचतात म्हणे फरफर.”

मी वही उघडून पाहिली. अक्षर सुवाच्य होते. प्रत्येक पानाच्या तळाशी माधवरावांनी ‘पुढे चालू’ असे लिहून त्याखाली रेघ ओढली होती. चहा संपवून ते जिन्याशी गेले आणि तेथून म्हणाले, “आणि ताई, परेशान नका होऊ. मला राग नाही. तुमचं काम तुम्ही करायला आलात.” ताईंनी मान हलवली.

वही दोन दिवस खुर्चीवर पडून होती. मंगळवारी ताईंच्या लक्षात आले की टेबलावर लॅपटॉप फार खाली राहतो आणि त्यामुळे मान दुखते. वहीची जाडी अगदी बेताची होती. त्या दिवसापासून ती लॅपटॉपखाली गेली. चौदा वर्षांच्या नोंदींमुळे ताईंची मान ताठ राहू लागली.

सव्वीस नोव्हेंबरच्या रविवारी सर्व पेट्यांच्या दाखल्यांची मुदत संपत होती; प्रोग्रॅमला एकदमच बदलता याव्यात म्हणून सर्व मुदती आधीच त्या एका दिवसावर आणून ठेवल्या होत्या. ताईंनी आधीच्या गुरुवारी दुपारी, घरूनच, प्रोग्रॅम चालवला. त्यांची चाचणी हीच होती. मी काकडीची कोशिंबीर करीत होते.

“मावशी, या, या इकडे! बघा!”

मी हात पुसून गेले. पडद्यावर ओळी भराभर सरकत होत्या. नंतर त्या थांबल्या आणि खाली दोन आकडे राहिले. एक हिरवा, एक तांबडा. हिरवा शंभर होता. तांबडा शून्य होता.

“एक पण फेल नाही!” ताई म्हणाल्या. “झीरो! मावशी, झीरो! अडीच मिनिटांत! माधवकाकांना तीन महिने लागायचे ह्याला.”

मी म्हणाले, “छान झाले.”

येथे मला थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढे तिचा संबंध येतो. अनेक वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत रेशनच्या नव्या कार्डांची यादी दुकानाच्या दारावर लावली होती. मला तेव्हा वाचता येत नव्हते. दुकानातल्या माणसाने यादीवरून बोट फिरवले आणि माझे नाव नाही असे सांगितले. मी दोन वर्षे कार्डाविना काढली. मग कोणीतरी मला सांगितले की त्या कागदाच्या पाठीमागे आणखी एक कागद टाचलेला होता आणि माझे नाव त्यावर तिसरे होते. तो माणूस वाईट नव्हता. त्याने जेवढे वाचले तेवढे बरोबर वाचले होते.

हिरवा शंभर पाहून मला एकशे सदतीस आठवले आणि तो दरवाजाही आठवला. परंतु मी बोलले नाही. जे यंत्र अडीच मिनिटांत शंभर दाखले लिहिते, त्याला कागदाची पाठ तपासण्याची आठवण मी करून द्यावी, हे मला योग्य वाटले नाही. शिवाय ताई आनंदात होत्या. मी कोशिंबिरीत दाण्याचे कूट घातले.

ताईंनी अभिजीत सरांना फोन लावला. त्या नेहमी स्पीकरवर बोलतात, त्यामुळे मला ऐकू येते.

“झीरो फेल्युअर? सुपर!” सर म्हणाले. ते मुंबईचे आहेत. “बोललो होतो ना मी, ते रजिस्टर बिजिस्टर म्हणजे टाइमपास. थर्टीएथला तुझं लेटर. रेडीच समज.”

त्या संध्याकाळी ताईंनी पुण्यास फोन करून वडिलांना आपण होऊन सांगितले, “बाबा, इथे सगळं एकदम पक्कं आहे हं.” वडील म्हणाले, “ते आम्हाला माहीतच आहे.”

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास पहिला फोन आला. मी पोळ्या लाटीत होते. मलकपेटच्या एका दवाखान्यातील पेटीने बोलणे बंद केले होते. ताई म्हणाल्या, नेटवर्क असेल. मग दिलसुखनगरहून फोन आला. मग आणखी तीन. साडेअकराला पडद्यावर सदतीस पेट्या तांबड्या झाल्या.

ताईंनी प्रोग्रॅम पुन्हा चालवला. हिरवा शंभर, तांबडा शून्य. त्यांनी तो तिसऱ्यांदा चालवला. प्रोग्रॅमने पुन्हा त्याच शंभर पेट्यांना तिसरे ताजे दाखले दिले आणि पुन्हा कळवले की एकही चूक नाही. त्याचे म्हणणे खरे होते. ज्या सदतीस पेट्यांना त्याने विचारलेच नव्हते, त्या चुकणार कशा?

ताईंनी पडद्यावरच्या ओळी वरपासून खालपर्यंत मोजल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “मावशी. यादी पानापानाने येते.”

“होय,” मी म्हणाले.

“म्हणजे बघा, लायब्ररी एका वेळेला शंभर नावंच देते. शेवटी एक खूण देते, की अजून आहेत. ती खूण परत पाठवली की पुढचं पान मिळतं. मी ती खूण घेतलीच नाही. कोणाच्या डोक्यात येईल हे?”

“याद्यांचे असे असते,” मी म्हणाले. पोळी तव्यावर करपली होती, ती मी काढून ठेवली.

आता राहिलेल्या सदतीस पेट्यांना दाखले द्यावेत, एवढेच काम आहे असे मला वाटले. परंतु तसे नव्हते. नवा दाखला पेटीपर्यंत पोहोचवायचा तर पेटीशी बोलावे लागते, आणि पेटीशी बोलण्यासाठी तिच्याकडे चालू दाखला असावा लागतो. ज्याच्याकडे दाखला नाही त्याला दाखला मिळत नाही. हा नियम मला नवीन वाटला नाही. फक्त तो यंत्रांनाही लागू आहे, याचे आश्चर्य वाटले. तात्पर्य, प्रत्येक ठिकाणी माणसाने जाऊन, पेटीला तार जोडून, दाखला हातांनी घालणे आवश्यक होते. कोणती पेटी कोणत्या दुकानाच्या कोणत्या कोपऱ्यात आहे आणि दुकान केव्हा उघडते, हे जाणणारा माणूस कंपनीत एकच होता. तो माल पाठवण्याच्या विभागात बसलेला होता.

माधवराव रविवारी दुपारीच स्कूटरवरून निघाले. वही लॅपटॉपखालून काढण्यात आली. मी मागील पानांवरचे शेरे वाचीत गेले आणि ताई ते त्यांना फोनवर सांगत गेल्या. सोमवारी सकाळी त्यांचा आबिड्सहून फोन आला.

“ताई, तेहेतीस झाल्या. चार राहिल्या. आता आबिड्सच्या पेटीपाशी उभा आहे. हात लावून पाहिला. गार आहे हो, चांगली गार! आतलं औषध एकदम सलामत. पण बोलू शकत नाही ना बिचारी. आता कायदा असा की थंडीची नोंद नसली तर औषध खराब समजायचं. दुकानदार माझ्या नावानं ओरडतोय. म्हणतो, माधवराव, हात लावून पाहा की तुम्हीच! मी म्हटलं, मियाँ, माझ्या हाताला सर्टिफिकेट नाही.”

ताई हसल्या नाहीत. सदतीस पेट्यांतील औषध बाजूला काढून ठेवावे लागले. ते गार होते, आणि गार असल्याचा पुरावा नव्हता.

दुपारी अभिजीत सरांचा फोन आला. मी ताटे मांडीत होते.

“हर्षदा, ऐक. मी रिपोर्ट लिहितोय,” सर म्हणाले. “मी असं टाकतोय की हँडओव्हर इनकम्प्लीट होता. माधवरावांनी सदतीस पेट्यांची इन्फर्मेशन नीट दिली नाही. दे वेअर लेफ्ट आउट. सिंपल. तू टेन्शन घेऊ नकोस. तुझं लेटर तयार आहे, तिथे सही फक्त.”

“सर, पण...”

“अगं त्यांचा तसाही लास्ट मंथ आहे. त्यांना काय फरक पडतो? साडेचारला पाठवतोय. काही अॅड करायचं असेल तर त्याआधी सांग.”

फोन बंद झाला. तेव्हा पावणेदोन वाजले होते. ताई जेवल्या नाहीत. आमटीवर साय धरली. अडीचच्या सुमारास त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “त्यांना तसंही महिनाअखेर जायचंच आहे.”

मी त्यांचे ताट झाकून ठेवले.

“आणि त्यांनी वही दिली ती मराठीत. मला वाचता येत नाही हे त्यांना माहीत होतं ना?”

मी भांडी आवरीत होते.

“बोला ना मावशी काहीतरी! एरवी बोलता.”

मला त्या क्षणी उपदेश करण्याची इच्छा नव्हती. मला उपदेश करण्याचा अधिकारही नव्हता. कारण मीही त्या गुरुवारी त्याच खोलीत होते. म्हणून मी जे खरे होते ते सांगितले.

“ताई, गुरुवारी मी तो शंभर पाहिला होता. मला एकशे सदतीस आठवले होते.”

त्या माझ्याकडे वळल्या. “मग बोलला का नाहीत?”

“तुम्हाला कमीपणा येईल असे वाटले. आणि मलाही. मी चुकले असते तर तुम्ही हसला असता.”

“एवढ्यासाठी?”

“होय. एवढ्यासाठीच.”

“मावशी, सदतीस पेट्यांचं औषध गेलं!”

“होय. आता आणखी एक माणूस जाईल.”

हे मी रागाने म्हटले नव्हते. हिशोब तसा होता. ताई उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. बसल्या. पुन्हा उठल्या. त्यांनी आमटी गरम न करताच भातावर घेऊन चार घास उभ्यानेच खाल्ले. मला वाटते, रिकाम्या पोटी तो फोन करणे त्यांना शक्य नव्हते. तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी फोन लावला.

“सर, रिपोर्टमध्ये माधवकाकांचं नाव नका टाकू. हँडओव्हर कम्प्लीट होता. एकशे सदतीस पेट्या वहीत आहेत. सिस्टीममध्ये पण होत्या. माझ्या कोडने पहिलंच पान वाचलं.”

“आर यू शुअर यू वाँट धिस इन रायटिंग?” सर म्हणाले.

“हो. मीच लिहून पाठवते.”

“हर्षदा, वेडी आहेस का? मग मला तुला कन्फर्म नाही करता येणार. ऑडिटवाले विचारतील मला.”

“माहितीये सर.”

“ग्रेट,” सर म्हणाले. या वेळी तो शब्द त्यांनी निराळ्या स्वरात उच्चारला. “एवढं प्रामाणिक असायचं होतं तर गुरुवारी असायचं.”

“गुरुवारी माहीत नव्हतं, सर,” ताई म्हणाल्या. हे एक वाक्य त्यांनी मान ताठ ठेवून म्हटले, आणि वही तेव्हा लॅपटॉपखाली नव्हती.

तीस तारखेला पत्र आले. ताईंची परीक्षा सहा महिन्यांनी वाढवण्यात आली होती. त्याच दिवशी माधवरावांनाही पत्र मिळाले. प्रोग्रॅमवर देखरेख करण्यास एक अनुभवी माणूस हवा, असे ऑडिट करणाऱ्यांनी सुचवल्यामुळे त्यांनाही सहा महिने ठेवून घेण्यात आले. चौदा वर्षे कायम असलेला माणूस आता मुदतीवर आला, आणि या गोष्टीबद्दल कंपनीत त्याचे अभिनंदन झाले. दोघांची मुदत एकाच दिवशी संपते. ताई म्हणतात, ज्याने ही तारीख टाकली त्याने नूतनीकरणाचा विचार केलेला नाही.

माधवराव पेढे घेऊन आले होते. ताईंनी काय लिहून पाठवले ते त्यांना कार्यालयात कळले होते. ते त्याविषयी एक अक्षर बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “ताई, पहिल्याच वेळेला सदतीस? मला पहिली पेटी बंद पाडायला चौदा वर्षांत जमलं नाही. तुम्ही नव्या जमान्याच्या, तेज आहात.”

“काका!” ताई म्हणाल्या. सात दिवसांत त्या प्रथमच हसल्या.

त्यानंतर त्यांनी पुण्यास फोन लावला. तो स्पीकरवर नव्हता, परंतु वडिलांचा आवाज मोठा आहे. आपण कायम नाही, कधीच नव्हतो, आणि आता आणखी सहा महिने नाही, हे ताईंनी एका दमात सांगून टाकले. वडील म्हणाले, “बरं. हरकत नाही. आमच्या दृष्टीने तू कायमच आहेस. फक्त हे बाहेर कुणाला सांगू नकोस.” ताईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, “मावशी, मला पण प्रायव्हेट सर्टिफिकेट मिळालं.” घरात त्याला मान आहे, उंबऱ्याबाहेर त्याला कोणी विचारीत नाही.

प्रोग्रॅम ताईंनी दुरुस्त केला आहे. आता तो पानाच्या शेवटची खूण घेतो आणि यादी संपेपर्यंत पाने मागत राहतो. एवढ्यावर ताईंचे समाधान झालेले नाही. शेवटी तो एकूण पेट्यांची संख्या मोजतो आणि ताईंना विचारतो की हा आकडा बरोबर आहे काय. ताई माधवरावांच्या वहीत पाहून आकडा भरतात. दोन्ही जुळले तरच तो काम झाले असे म्हणतो. दर बुधवारी माधवराव नव्या पेट्या वहीत चढवण्यास येतात, आणि ताई त्यांचे शेरे स्वतः वाचण्याचा प्रयत्न करतात. ‘मेहदीपट्टणम’ या शब्दापाशी त्या अजून थांबतात. तेथे मी काही बोलत नाही. बाकी ठिकाणी आता बोलते.

वही टेबलावर उघडी असते, त्यामुळे लॅपटॉप पुन्हा खाली गेला आणि ताईंची मान पुन्हा दुखू लागली. मी त्यांना स्वयंपाकघरातला एक पाट दिला आहे. त्याची उंची वहीइतकीच आहे, आणि त्यावर काहीही लिहिलेले नाही.